पाणी आपली वाट शोधतं

आमच्या अंगणाला उतार आहे. फक्त तो घराकडे आहे.

गेल्या मे महिन्यात मी हौसेने पेव्हर ब्लॉक बसवले. त्याआधी अंगण मातीचं होतं. बाबा दरवर्षी मृगाच्या आधी फावडं घेऊन पायरीपासून माडाच्या बुंध्यापर्यंत वीतभर खोल चर खणायचे. त्या चरात माझा पाय कितीदा मुरगळला असेल! म्हणून सगळ्यात आधी तोच बुजवला.

मिस्त्रीने लेव्हलची नळी आणली होती, हे मी स्वतः पाहिलंय. काम संपेपर्यंत ती त्याच्या मोटारसायकलच्या हँडलला लटकत होती. "उतार ठेवलायस ना?" म्हटलं, तर म्हणाला, "दादा, पाणी आपली वाट आपण शोधतं."

शोधली. मृगात पाणी पायरीशी घुटमळलं, आर्द्रात पायरी चढलं आणि पुनर्वसूत, म्हणजे ऐन तरण्या पावसात, पडवीत येऊन आईच्या पाटाखाली बसलं. आई पाय वर घेत म्हणाली, "आता ह्याला पण चहा टाकू का?"

रत्नागिरीकडे वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हे शाळेत पाठ केलं होतं. तो कुठे पडतो ते आत्ता कळलं. छपराचा हिशेबच केला. 1,000 चौरस फुटांवर 100 मिलिमीटर पाऊस पडला की 9,000 लिटरच्या वर पाणी पन्हळीतून अंगणात येतं. एप्रिलमध्ये एवढ्याच पाण्याच्या टँकरसाठी मी चार फोन करतो, वर पैसे मोजतो. जुलैत टँकर रोज दारात, तोही फुकट, आणि परत न्यायला कोणी तयार नाही.

शेजारचे काका म्हणाले, शोषखड्डा मार. खाली मोठे दगड, वर खडी, वर वाळू. सल्ला नामी होता, महिना चुकला. जांभा पाणी पितो खरा, पण जुलैपर्यंत त्याचंही पोट भरलेलं असतं. चार फूट खणलं तर खालूनच पाणी वर आलं. दगड अजून ट्रॉलीतच होते, तोवर एक बेडूक राहायला आला. बायको खड्ड्याच्या काठावर छत्री धरून उभी. "विहिरीला पाणी छान लागलंय," एवढंच बोलली.

शेवटी म्हाताऱ्या पावसातल्या एका रात्री दिवे गेलेले असताना मी रेनकोट चढवून, दातांत टॉर्च धरून, पहारीने ब्लॉकची एक रांग उचकटली. खालची कच फावड्याने ओढली. पाणी क्षणभर थांबलं, गोल फिरलं आणि गुळगुळ करत थेट माडाकडे धावलं.

सकाळी पाहिलं, तर नेमका बाबांचा चर. आई पडवी पुसत होती.

"बुजवलास तेव्हाच सांगणार होते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू मिस्त्रीला विचारत होतास ना!"