माईक द्या, पण मागे उभे राहा

काल नाचाहून घरी यायला साडेअकरा वाजले. पाय अजून दुखतायत, तरी चहा व्हायच्या आत हे लिहून टाकते, कारण नाचात पुढची हालचाल सांगणाऱ्या कॉलरला, विशेषतः नवख्याला, कसं घडवावं हे बरेच दिवस मनात साठलंय.

मी इथे मॅसॅच्युसेट्समध्ये कॉन्ट्रा नाचाला जाते, हे फोटोंवरून तुमच्यातल्या अनेकांना माहीत आहे. लाकडी फरशीचा हॉल, समोरासमोर दोन लांब रांगा, स्टेजवर फिडल आणि पियानो, आणि माईकपाशी एक कॉलर. आधी वाद्यांशिवाय एकदा सगळा नाच चालून घ्यायचा, त्याला वॉकथ्रू म्हणतात. मग धून सुरू. 64 मात्रा, 16-16चे चार तुकडे. एक आवर्तन जेमतेम अर्ध्या मिनिटाचं. ते संपलं की जोडी रांगेत पुढे सरकते आणि समोर नवी जोडी येते. कॉलरने पुढची हालचाल आधी सांगायची. समेवर पाऊल पडायचं असेल तर शब्द समेच्या आधी संपायला हवा. "स्विंग", म्हणजे जोडीदाराला धरून गोल फिरणं, हा एवढासा शब्द, पण तो चार मात्रा आधी तोंडातून निघाला नाही तर सगळी रांग उशिरा फिरते.

हे कार्डांवर लिहून येत नाही. मी तीन वर्षं नाचांच्या हालचाली लिहिलेली कार्डं जमवली, दोन कार्यशाळा केल्या, मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या ओट्यावर सरकवत नाच पाठ केले. मग एका ठिकाणी आयोजकांनी माझ्या हातात माईक दिला आणि त्या रात्रीचे मुख्य कॉलर बाहेर मोकळ्या हवेत निघून गेले. तिसऱ्या आवर्तनाला रांगा तुटल्या. साठ-सत्तर माणसं माझ्या तोंडाकडे बघत उभी. नंतर सगळे "छान झालं" म्हणाले. काय चुकलं ते एकानेही सांगितलं नाही. त्यानंतर वर्षभर मी माईकला हात लावला नाही. मला आजही वाटतं, त्या रात्री माझ्यावर अन्याय झाला आणि नाचायला आलेल्या लोकांवरही.

पुढे मला बाई भेटल्या. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, पण माझ्या मनात त्या बाईच आहेत. चाळीस वर्षं कॉलिंग केलेली बाई. पहिल्या दोन संध्याकाळी त्यांनी मला नुसतं शेजारी उभं केलं आणि प्रत्येक 16 मात्रांचा तुकडा संपायच्या आधी बोट वर करायला लावलं. तिसऱ्या वेळी एक नाच दिला. अगदी सुरुवातीचा नाही, कारण तेव्हा नवखे जास्त असतात. हॉल तापल्यावरचा, मध्यंतराच्या आधीचा, सोपा. त्या माझ्या मागे एका पावलावर उभ्या. मी उशीर करतेय हे दिसल्यावर खांद्यावर दोन बोटं टेकायला लागल्या, नेमकी चार मात्रा आधी. तिसऱ्या आवर्तनाला ते अंगात शिरलं. सहाव्याला त्यांनी माईकवर हलकेच हात ठेवला. "आता गप्प. त्यांना येतंय." माझा आवाज थांबला आणि फक्त पायांचा आवाज उरला, शंभरेक माणसांचा, एका ठेक्यात. केव्हा बोलायचं हे कार्यशाळेत शिकवतात. केव्हा थांबायचं ते मला त्या हाताने शिकवलं.

चूक त्या त्याच रात्री कधीच सांगत नाहीत. दुसऱ्या दिवशी फोन. एक गोष्ट जमलेली, एक सुधारायची. बाकीचं पुढच्या वेळी.

ही काही नवी युक्ती नाही. जुने कॉलर राल्फ पेज यांच्या बॉस्टनमधल्या नाचांतून टेड सॅनेला हे कॉलर घडले. कोलोरॅडोत लॉइड शॉ 1940च्या दशकात उन्हाळ्यात कॉलरांचे वर्ग घेत. चार जोड्यांच्या चौकोनात नाचणाऱ्या स्क्वेअर डान्सवाल्यांची कॉलरलॅब ही संघटना 1974पासून आहे, तिथे कॉलर घडवणारे प्रशिक्षकही तयार करतात. आमच्याकडे 1915 साली सुरू झालेल्या कंट्री डान्स अँड साँग सोसायटीच्या शिबिरांत उत्तम शिकवतात. पण शिबिर आठवड्याभराचं. घरी परतल्यावर आपल्या गावच्या नाचात संधी मिळणं अजूनही नशिबावर.

आणि शिकणं एकाच बाजूने होत नाही. आता बऱ्याच ठिकाणी जोडीतल्या दोघांना 'जेंट्स' आणि 'लेडीज'ऐवजी पक्ष्यांच्या नावांनी 'लार्क' आणि 'रॉबिन' म्हणतात. चाळीस वर्षांची जीभ वळवणं सोपं नव्हतं. गाडीतून जाताना मी बाईंकडून सराव करून घ्यायचे, जुना शब्द आला की थांबवायचे. एकदाही त्या चिडल्या नाहीत.

याचा फायदा मला गणपतीतही झाला. आमच्या मंडळातल्या मुलांना मी लेझीम शिकवते. सांगलीच्या शाळेत सरांची शिट्टी वाजली की हात आपोआप बदलायचे, ती शिट्टी किती आधी वाजायची हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

आयोजक म्हणतात, लोक पैसे देऊन येतात, नवखा कॉलर कसा द्यायचा? अहो, एका संध्याकाळी दहा-बारा नाच होतात. त्यातला एक द्या, दहा मिनिटांचा प्रश्न आहे. मात्र जाणत्या कॉलरला मागे उभं करा आणि त्या उभं राहण्याचेही पैसे द्या. ते काम आहे, उपकार नव्हे.

काल माझ्या पुढे माईकवर एकोणीस वर्षांचा मुलगा होता. मधल्या 'हे'मध्ये, जिथे चौघं एकमेकांना ओलांडत गुंफतात, त्याचा धागा सुटला. रांग विस्कटायला लागली. मी मागून एवढंच म्हटलं, "जोडीदार शोधायला सांग, स्विंग." त्याने सांगितलं, आणि पुढच्या समेला हॉल पुन्हा एकत्र.

दुपारी त्याला फोन करायचाय. जमलेली गोष्ट ठरलीय: त्याच्या वॉकथ्रूमध्ये एकही जादा शब्द नव्हता. सुधारायची कुठली ते अजून ठरवतेय, 'हे'बद्दल मात्र नाही बोलणार. ते त्याला कळलंय.