एक स्टार चालतोय दादा, पण सेन्सर बायपास करून मिळणार नाही

नमस्कार दादा, रिव्ह्यू वाचला, आमच्याच गिऱ्हाईकांनी स्क्रीनशॉट पाठवला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मोठ्या व्हॅनचं मागचं सरकतं दार बटनावर नीट बंद होत नव्हतं म्हणून गाडी आमच्या गॅरेजला लावली, आम्ही ती ठेवून घेतली, आणि शेवटी दार ऑटोमॅटिक करायचं सोडून उलट मेन बटनच बंद करून हातानं ओढायचं करून दिलं, वर लेबर पण घेतलं, आणि पलीकडच्या गल्लीतला एक जण "सेन्सर बायपास करून वीस मिनिटांत देतो" म्हणाला. शिवाय मालक मोठ्यानं बोलतोय. आवाजाचं आधी सांगतो, कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका अंगाला लेथ आणि समोर ग्राइंडर चालू असतोय, इथं हळू बोलणाऱ्याचा धंदा चालत नाही. बाकी तुम्ही लिहिलंय ते सगळं खरं आहे. दार हातावर करून दिलं हे पण खरं, आणि उद्या परत गाडी आणली तरी पार्ट येईपर्यंत तेच करणार.

का ते इथंच लिहितो, कारण तुमचा रिव्ह्यू वाचून अजून चार जण बायपासचं विचारायला येणार.

दार बंद व्हायला येतंय आणि मधूनच माघारी जातंय, अशी तुमची तक्रार होती. आम्ही आधी रेल बघितली. आपल्याकडं बऱ्याचदा लफडं तिथंच असतंय. जोतिबाला चैत्र यात्रेला जाऊन आलेल्या गाडीच्या खालच्या रेलमध्ये गुलाल आणि ग्रीस मिळून असा काय गुलाबी चिखल बसतोय की रोलर फिरायच्या ऐवजी घासत जातोय, दार जड होतंय, मोटरला जोर लागतोय आणि कंट्रोलरला (मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) वाटतंय मधे कोणतरी आडवं आलंय, की तो दार मागं नेतोय. तुमच्या रेलमध्ये पण गुलाल निघालाच (यात्रा होऊन किती दिवस झाले ते बघा, गाडी धुणाऱ्याला एकदा सांगा रेलमध्ये पण ब्रश फिरव म्हणून). ते सगळं उकरून काढलं, धुतलं, रोलर साफ केले. लेबर घेतलंय ते त्याचं आणि चेकिंगचं, बिलावर तसं लिहिलंय. पार्टचा एक रुपया घेतलेला नाही.

तरी पण दार माघारी जायचं थांबेना. मग आमच्या पोरानं दाराच्या पुढच्या कडेची काळी पट्टी बघितली. बरेच जण तिला साधं बीडिंग समजतात, तुम्ही पण "ते रबर" असंच लिहिलंय. सेन्सर म्हणतात तो हाच. त्या रबराच्या पोटात दोन तारा समोरासमोर असतात, मधे फट. दार येताना मधे हात आला, पाय आला की रबर दबतंय, तारा एकमेकीला टेकतात, आणि दार थांबून उलटं जातंय. तुमच्या पट्टीला खाली, लहान पोराच्या मांडीच्या उंचीला, बोटभर चीर होती. सामान चढवताना पत्र्याची ट्रंक किंवा असलंच काहीतरी घासलं असणार. त्या चिरेतनं पावसाचं पाणी आत गेलंय, तार हिरवी पडलीय, आणि ओल असली की तारा न दबताच टेकल्यासारखं होतंय. म्हणून दार सकाळी नाटक करायचं आणि दुपारी उन्हात गाडी उभी राहिली की शहाण्यासारखं चालायचं. हे तुम्हाला गाडीजवळ उभं करून दाखवलं होतं, तुम्ही तेव्हा फोनवर होता.

आता बायपास म्हणजे काय करतात ते ऐका. पट्टीचं कनेक्शन काढायचं आणि कंट्रोलरला असं भासवायचं की पट्टी एकदम ठणठणीत आहे, कायम. दार मस्त चालतंय मग, एकदा पण माघारी जात नाही. पण हात मधे आला तरी पट्टीकडनं काही सांगणारं कोण उरत नाही. मोटरवर जोर आला तर कंट्रोलर थांबवेल की, असं तो गल्लीतला म्हणाला असेल. थांबवेल, पण त्याला आधी जोर लागायला पाहिजे ना, आणि तो जोर कशावर लागणार? तुम्हीच लिहिलंय की मागं पोरं बसतात आणि त्यांना दार ओढत नाही म्हणून ऑटोमॅटिक पाहिजे. दादा, पोरं बसतात म्हणूनच तर बंद केलं.

आणि एक, जे शोरूमवाले घाईत सांगत नाहीत पण गाडीच्या मॅन्युअलमध्ये छापलेलं असतंय. पट्टी नवीकोरी असली तरी दार पूर्ण बंद व्हायच्या अगदी शेवटच्या टप्प्यात अडथळा ओळखला जाईलच असं नाही. तिथं लॉकची मोटर दार आत खेचून घेत असते. बोटं सापडायची जागा तीच, खांबाला हात लावून पोरगं चढतंय तिथली. त्यामुळं सेन्सर चालतोय का बघायला हात मधे घालून दाखवायचा प्रकार कृपा करून करू नका, दोस्तलोकांना तर अजिबात दाखवू नका.

गॅरेजवाला उगंच घाबरवतोय असं वाटत असेल तर कंपन्यांचं बघा. अमेरिकेत किआनं २०२३ मध्ये कार्निव्हल व्हॅनच्या ५१ हजारांवर गाड्या ह्याच सरकत्या दारापायी परत बोलावल्या, दार बंद होताना लोकांना इजा झाल्याच्या ९ तक्रारी होत्या. तिथं पट्टी फाटलेली नव्हती, तरी सॉफ्टवेअर बदललं, दार शेवटाला हळू येईल असं केलं आणि बंद व्हायच्या आधी बीप टाकला. त्याच्या आधी २०१६ ला टोयोटानं सिएना व्हॅनच्या ७ लाखांहून जास्त गाड्या बोलावल्या, तिथं उलटं दुखणं, दार कशात अडकलं की मोटरवर लोड येऊन फ्यूज जायचा आणि लॉक अर्धवट सुटलेलं असलं तर दार चालत्या गाडीत उघडायची भीती. सिएना आपल्याकडं विकत नाहीत, पण मोटर, फ्यूज, लॉक हे सगळीकडं असतंयच. म्हणून दार जड झालंय आणि बटन दाबून दाबून चालवतोय हे पण करू नका. तुमच्या गाडीला असा काही रिकॉल (कंपनीनं दुरुस्तीला परत बोलावणं) आहे का ते चेसिस नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या, फुकट असतंय ते.

पेट्रोल पंपावर दार उघडत नाही, "ते पण नीट केलं नाही" असं लिहिलंय. त्यात नीट करण्यासारखं काही नाही हो. टाकीचं झाकण उघडं असलं की त्या बाजूचं दार गाडी स्वतःच अडवते, नाहीतर दार मागं सरकून झाकणाला आणि पंपाच्या नळीला धडकंल. झाकण लावा, उघडतंय.

हातानं ओढताना एक लक्षात ठेवा. पन्हाळ्याला चढावर गाडी लावली की दार आपोआप मागं पळतंय, आणि तोंड उताराला असलं की पुढं येतंय, जड असतंय ते. पूर्ण उघडून टोकाला खट्ट आवाज येऊन अडकलं की मगच पोरांना उतरवा. चाइल्ड लॉक दाराच्या कडेला आहे, तो लावलाय आम्ही. त्यानं फक्त आतलं हँडल बंद होतंय, ड्रायव्हरचं बटन नाही, म्हणून मेन बटन बंदच राहू द्या.

पट्टीची ऑर्डर तुमच्या नावावर टाकलेली आहे, रद्द करायची असेल तर तसं सांगा. आली की फोन करतो, बसवायचं लेबर परत घेणार नाही, चेकिंग झालेलंच आहे. आणि मधल्या काळात गल्लीतल्या त्या माणसाकडनं बायपास करून घेतलंच असेल तरी गाडी आणा, ते काढून पूर्वीसारखं करून देतो, त्याचे पण पैसे नकोत. फक्त तोवर घरात सगळ्यांना सांगून ठेवा की दार बटनानं लावायचं नाही.