नफा सीमा ओलांडतो, मग दाद मागणारा का अडतो?

जागतिकीकरणाने कायदे बदलतील का, ही चर्चा आता जुनी झाली. ते केव्हाच बदललेत. फक्त ते आधी पैशासाठी बदलले, आणि माझा सगळा राग त्यावर आहे.

१९५८ चा न्यूयॉर्क करार घ्या. लवादाने, म्हणजे दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या न्यायालयाबाहेरच्या पंचांनी, एका देशात दिलेला निवाडा दुसऱ्या देशातल्या न्यायालयामार्फत अमलात आणता येतो, तो या करारामुळे. आज १७० हून जास्त देश त्यात आहेत. व्यापाराला ही सोय हवीच होती. पण पुढे देशादेशांत परदेशी गुंतवणुकीच्या संरक्षणाचे करार झाले आणि परदेशी कंपन्या थेट सरकारांनाच लवादापुढे खेचू लागल्या. सिगारेटच्या पाकिटांवर कंपन्यांची चिन्हं नकोत, असं ऑस्ट्रेलियाने ठरवलं. हा बेत जाहीर झाल्यावर फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने तिथल्या धंद्याची मालकी हाँगकाँगमधल्या आपल्याच कंपनीकडे वळवली आणि हाँगकाँग-ऑस्ट्रेलिया कराराच्या आधारे २०११ मध्ये दावा ठोकला. २०१५ मध्ये लवादाने तो हक्काचा गैरवापर म्हणून फेटाळला. पण तोवर न्यूझीलंडने आपला तसाच कायदा या निकालाची वाट बघत रेंगाळत ठेवला होता. म्हणजे हरलेल्या दाव्यानेही शेजारच्या सरकारचा हात धरून ठेवला.

आता झांबियातल्या चिंगोलाकडे या. तांब्याच्या खाणीचं विषारी पाणी नदीत सोडलं जातं आणि त्याच पाण्यावर आम्ही पितो, शेती करतो, असं गावकऱ्यांचं म्हणणं. खाण चालवणारी कंपनी झांबियातली, तिची मूळ कंपनी ब्रिटनमध्ये नोंदलेली वेदांता. १,८२६ जणांनी २०१५ मध्ये दोघींवर लंडनमध्ये दावा लावला. हा खटला तिथे चालू शकतो का, एवढंच ठरायला २०१९ उजाडलं! ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली, तिचं कारण नीट वाचण्यासारखं आहे. एरवी या खटल्याची योग्य जागा झांबियाच, हे न्यायालयाला मान्य होतं. पण गावकरी अतिशय गरीब. अशा दाव्याला सरकारी कायदेशीर मदत नाही. 'जिंकलो तरच फी' या बोलीवर वकील लावणं तिथे बेकायदा. आणि एवढा अवाढव्य खटला पेलेल अशी वकिलांची फळीही नाही. २०२१ मध्ये तडजोड झाली, कंपनीने जबाबदारी मान्य न करता.

१९६४ पर्यंत झांबियावर राज्य केलेल्या देशाच्या न्यायालयात झांबियाच्या नदीचा न्याय व्हावा, हे मलाही खटकतं. सार्वभौमत्वाचा मुद्दा काढणाऱ्यांशी मी इथवर सहमत आहे. पण नफा लंडनला जाताना सीमा कुणाला आठवत नाही, गावकरी लंडनला गेले की मात्र आठवते. हे मला मान्य नाही.

फ्रान्सने २०१७ मध्ये मोठ्या कंपन्यांवर परदेशातल्या उपकंपन्या आणि पुरवठादारांकडून माणसांच्या हक्कांना आणि पर्यावरणाला धक्का लागू नये याची दक्षता घेण्याचं बंधन घातलं. जर्मनीचा अशाच धर्तीवरचा कायदा २०२३ मध्ये लागू झाला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये सदस्य देशांसाठी तसाच निर्देश काढला आणि पुढच्याच वर्षी त्याची अंमलबजावणी लांबवली.

मला जास्त आशा वाटते ती बांगलादेशातल्या एका करारामुळे. २०१३ मध्ये राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून ११०० हून जास्त माणसं गेली, बहुतेक कपडे शिवणारे कामगार. त्यानंतर परदेशी ब्रँड आणि कामगार संघटनांमध्ये कारखान्यांच्या सुरक्षेचा करार झाला. ब्रँडने शब्द पाळला नाही तर संघटनेला त्याला लवादापुढे नेता येईल, आणि निवाडा त्याच न्यूयॉर्क कराराखाली अमलात आणता येईल, असं त्यात स्पष्ट लिहिलं. संघटना खरोखरच हेगच्या लवादापुढे गेल्या. २०१८ मध्ये एका बड्या ब्रँडने तडजोडीत २३ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं, त्यातला मोठा वाटा दीडशेहून जास्त कारखान्यांच्या दुरुस्तीसाठी.

साठ वर्षं व्यापाऱ्यांच्या कामी आलेलं हत्यार कामगारांच्याही हाती चाललं. मग हे कलम प्रत्येक पुरवठा करारात का नको? खाणीच्या, चहाच्या, मोबाइलच्या सुट्या भागांच्या करारांतही ते हवं, आणि लवादापर्यंत जायचा खर्च ब्रँडनेच उचलायला हवा.