चहाने म्हणे रक्त वाढतं!

हा ग्रीन टीचा मेसेज आमच्या चोपड्याच्या घरच्या ग्रुपवर आला आणि वहिनींनी लगेच तसं करायला पण घेतलं म्हणून लिहितोय, नाहीतर असल्या फॉरवर्डला कोण विचारतं. मेसेज म्हणतो, चहातले अँटिऑक्सिडंट रक्त वाढवतात, लोहाची गोळी ग्रीन टीसोबत घ्या, चरबी वितळते, कॅन्सर मुळापासून जातो, आणि दुधाचा चहा म्हणजे विष.

आधी रक्ताचं. वहिनींना पाचवा महिना, हिमोग्लोबिन कमी, आशाताई लाल गोळ्या देऊन गेल्या, आणि या त्या चहासोबत गिळताय! अहो, ज्या पॉलिफेनॉलचं, म्हणजे मेसेजमधल्या त्या अँटिऑक्सिडंटचं, एवढं कौतुक चाललंय तेच पोटात लोहाला धरून बसतात, मग ते रक्तात उतरणार कसं? हरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशनमध्ये मोजून दाखवलंय, पावाच्या जेवणासोबत पाण्याऐवजी काळा चहा घेतला तर लोहाचं शोषण ७९ ते ९४ टक्क्यांनी घटलं. पुदिन्याच्या चहानेही ८४ टक्के, म्हणजे पाकिटावर 'हर्बल' लिहिलं तरी सुटका नाही, आणि दूध घालूनही विशेष फरक पडला नाही. ग्रीन टीत तर कॅटेचिन, म्हणजे याच जातीचे पॉलिफेनॉल, अजून जास्त. त्यात आमचं घर शाकाहारी, जे काही लोह मिळतं ते मेथी, डाळी, कळण्याच्या भाकरीतून, आणि चहा अडवतो तो नेमकं हेच वनस्पतीतलं लोह. गोळी पाण्याने घ्या, जेवताना भाजीवर लिंबू पिळा, चहा दोन्हीपासून तास-दोन तास लांब ठेवा, एवढंच तर करायचंय.

कॅन्सरचं म्हणाल तर प्रयोगशाळेत बशीतल्या पेशी मारणं वेगळं आणि माणूस बरा करणं वेगळं. कोक्रेन, म्हणजे उपचारांचे पुरावे तपासणारी संस्था, तिचा २०२० चा आढावा सांगतो, ग्रीन टीने कॅन्सर टळतो याचा पुरावा उलटसुलट आहे. बरा होणं तर दूरच राहिलं. चरबीबद्दल बोलायलाच नको. आणि विष-अमृत काय लावलंय, दोन्ही चहा एकाच झाडाचे भो, पानं आंबवली की काळा, नाही आंबवली की हिरवा.

हां, ग्रीन टीने वाईट कोलेस्टेरॉल थोडं कमी होतं, हे मान्य करावं लागेल. थोडंच.

पण मेसेजच्या खाली अर्काच्या कॅप्सुलची लिंक पण होती, ती कोणी उघडू नका. कपातला चहा वेगळा, कॅप्सूल वेगळी. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलंय की अशा गोळ्यांमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य कॅटेचिन) घेणाऱ्यांमध्ये यकृताला इजा होत असल्याची लक्षणं रक्ततपासणीत दिसतात.