टर्मिनलातले मोदक

व्हिडिओ बघायला ब्राउझर उघडणारी माणसं अजून आहेत म्हणे. यूट्यूबवर जायचं, चित्रावर क्लिक करायचं आणि लगेच बघायला लागायचं. यात तुमचं कर्तृत्व ते काय? तुम्ही टर्मिनल उघडा, म्हणजे हुकूम टंकून संगणक चालवायची ती काळी खिडकी.

सामान फार लागत नाही. वाजवायला एमपीव्ही आणि व्हिडिओचा खरा पत्ता हुडकून आणायला वायटी-डीएलपी. हे दुसरं म्हणजे यूट्यूब-डीएलच्या घराण्यातून निघालेली वेगळी चूल. मूळ घराण्याविरुद्ध २०२० साली अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेनं गिटहबला, म्हणजे त्याचा कोड जिथे ठेवलेला होता त्या साइटला, नोटीस धाडली आणि ते काही आठवडे तिथून उठलं होतं. हा इतिहास पाठ करून ठेवा. ऑफिसात चहाच्या वेळी सांगता येतो, कुणी विचारलं नाही तरी.

आता गणेशचतुर्थीची सकाळ धरा. स्वयंपाकघरातून ताईची हाक येते, "अरे, उकडीला पाणी किती घ्यायचं, तो व्हिडिओ लाव ना पटकन!" यातला 'पटकन' मनावर घेऊ नका. मोबाइलकडे तर बघूही नका. शोध टाका. यादी येईल. पुष्कळ टर्मिनलांना देवनागरी झेपत नाही, त्यामुळे 'पारंपरिक'मधली वेलांटी र ला टाकून क च्या गळ्यात पडेल आणि तुम्ही 'पारंपरकि उकडीचे मोदक' निवडाल. एंटर.

एरर ४०३, प्रवेश नाही. घाबरू नका, खरा कार्यक्रम इथूनच सुरू होतो. लिनक्सच्या भांडारातली वायटी-डीएलपीची आवृत्ती जुनी असते आणि यूट्यूब कुलपं बदलत राहतं. नवी आवृत्ती पिपनं, म्हणजे पायथनचं सामान आणणाऱ्या हुकमानं, घ्यायला जा. उबुंटू, म्हणजे तुमचं लिनक्स, बजावेल की इथलं पायथन आमच्या ताब्यात आहे, हात लावायचा नाही. मग व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पायथनची वेगळी खोली, उभारा. २०२५च्या अखेरीपासून ती कुलपं नीट उघडायला डेनोसारखं जावास्क्रिप्ट चालवणारं काहीतरी हाताशी लागतं, तेही उतरवून घ्या. या घडीला ब्राउझरची आठवण काढू नये, उगाच मन खचतं.

लागला एकदाचा! पण वेगळ्या खिडकीत बघाल तर एवढा खटाटोप कशाला केला? एमपीव्हीला व्हीओ, म्हणजे चित्र दाखवायची तऱ्हा, म्हणून टीसीटी द्या, म्हणजे चित्र टर्मिनलातच रंगीत ठोकळ्यांत उमटेल. बाईंच्या हातात मोदक आहे की लसणाचा गड्डा, हे ज्यानं त्यानं ठरवावं. त्याहून कडक व्रत करायचं असेल तर लिबकाका आहे. तो सगळा व्हिडिओ अक्षरांत आणि चिन्हांत काढतो. 'काका, मला वाचवा' म्हणून उपयोग नाही, हे काका त्यातले नव्हेत.

जाहिराती नाहीत, 'यानंतर हेही पाहा' नाही, हा फायदा मात्र खरा, चेष्टा नाही. ठरवलेला एकच व्हिडिओ बघून होतो. तो लागला तर.

तेवढ्यात आत्यानं फोनवर 'वाटीभर पिठीला वाटीभर पाणी' सांगून टाकलेलं असतं आणि मोदकपात्राला वाफ धरलेली असते. ताई डोकावून विचारेल, "हे काय, पाऊस पडतोय का?" बिचकू नका. बंद होणारा चौकोनी कंस दाबला की व्हिडिओचा वेग वाढतो, ते तिला तिथल्या तिथे करून दाखवा. आणि नैवेद्य व्हायचाय, ताटाला हात लावू नका.