जवानाच्या पगाराला टॅक्स लागतो, परदेशातही

‘सीमेवर किंवा परदेशी मोहिमेवर असलेल्या जवानाला एक रुपयाही इन्कम टॅक्स नसतो’ असा मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. भावना चांगली आहे, पण माहिती चुकीची. त्यावर विसंबून एखाद्या फौजीने रिटर्न भरलं नाही, तर नोटीस त्यालाच येईल.

मूळ पगार, महागाई भत्ता, मिलिटरी सर्व्हिस पे हे सगळं करपात्र आहे. घरात कुणी सैन्यात असेल तर त्याचा फॉर्म १६ (पगार आणि त्यातून कापलेल्या टॅक्सचा दाखला) मागून बघा.

‘परदेशात गेला की एनआरआय झाला, मग टॅक्स कसला?’ असंही त्यात म्हटलंय. दक्षिण सुदान, काँगो, लेबनॉन इथे शांतिसेनेत आपल्या पलटणी गेल्या; त्यांचा पगार भारत सरकारच देतं. आयकर कायद्यानुसार, परदेशातल्या सेवेबद्दल सरकारने भारतीय नागरिकाला दिलेला पगार भारतातलंच उत्पन्न धरला जातो. वर्षभर तिकडे राहिलं तरी यातून सुटका नाही. करमुक्त आहे तो परदेशातल्या सेवेसाठी सरकार तिथे देतं तो भत्ता. मेसेजने पगार आणि भत्ता एकत्र करून टाकलेत. अमेरिकेत युद्धक्षेत्रातल्या साध्या सैनिकाचा त्या महिन्यांचा पगार करमुक्त असतो. आपल्याकडे तशी तरतूद नाही.

आता सियाचीन. सातव्या वेतन आयोगानंतर, २०१७ मध्ये, तिथल्या जवानाचा भत्ता महिना १४,००० वरून ३०,००० झाला. त्यातले करमुक्त किती? ७,०००. तेही जुनी करप्रणाली निवडली तरच. नव्या प्रणालीत पूर्ण भत्ता करपात्र. ज्या बर्फात श्वास घेणंही अवघड, तिथल्या भत्त्याला इतकी तोकडी सूट मला अजिबात पटत नाही. सगळं आधीच माफ आहे असं लोकांना वाटत राहिलं, तर ती वाढवून मागणार कोण?

‘पण आमच्या भावाला टॅक्स शून्य येतो!’ येत असेल. २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर रिबेट आहे आणि पगारदाराला ७५,००० ची वजावट. ती शिक्षकाला आणि तलाठ्यालाही मिळते. वर्दीचा त्यात संबंध नाही.

वर्दीमुळे पूर्ण माफी मिळते ती, उदाहरणार्थ, परमवीर, महावीर, वीर चक्र अशा शौर्यपदक विजेत्यांच्या पेन्शनला, आणि मोहिमेत शहीद झालेल्या जवानाच्या पत्नी-मुलांच्या कुटुंब पेन्शनला. तुमच्या गावात वीरपत्नी असतील, तर त्यांच्या रिटर्नमध्ये ही रक्कम चुकून करपात्र धरलेली नाही ना, एवढं नक्की तपासून द्या.