दर रविवारी पडद्यावर तेच!

बडोद्यातल्या चर्चच्या मराठी उपासनेत गीताचं दुसरं कडवं सुरू होतं आणि पडद्यावर ‘रीस्टार्ट करा’ची चौकट! मंडळी गप्प, पेटी तेवढी वाजतेय. अहो, विंडोजचं बटण आणि पी दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा ना! ‘डुप्लिकेट’वर ठेवलं की लॅपटॉपवरचं सगळं पडद्यावर दिसणारच. त्याहून संताप फॉन्टचा. गीतं टाइप केलेली जुन्या, युनिकोड (म्हणजे कुठल्याही संगणकाला कळणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये; चर्चच्या लॅपटॉपवर असतात गुजराती फॉन्ट. मग ‘प्रभू’च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची खूण. आजीबाईंनी काय वाचायचं? युनिकोडमध्ये टाइप करा, नाहीतर पीडीएफ आणा. चार्जर लावा, स्लीप ‘नेव्हर’वर ठेवा. आणि हे अर्धा तास आधी, पहिली प्रार्थना चालू असताना नव्हे!